बंदराचे दिवे

आमच्या शाळेत दहावीच्या वर्गात मी एकदा एक साधा प्रश्न विचारला, "मोठेपणी तुम्ही कोण होणार?" कोणी डॉक्टर म्हणाले, कोणी शिक्षक. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, मी बोटीवर जाणार. फुकटात सारी दुनिया बघणार!"

वर्गात हशा पिकला. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझे अब्बा बोटीवर आहेत. ते ब्राझीलला दोनदा जाऊन आले. ब्राझील कसे आहे, असे विचारले की ते म्हणतात, 'बंदराचे दिवे छान दिसतात.' बस्स, एवढेच."

मुले पुन्हा हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण माझे मामूही बोटीवर होते. ते घरी आले की आम्ही मुले त्यांच्या पेटीभोवती गोळा होत असू. पेटीतून साबण, कापड, बिस्किटांचे डबे निघत. पण "मामू, तिथले शहर कसे आहे?" असे विचारले की ते गप्प होत. त्या वेळी मला त्याचे नवल वाटे. पुढे त्याचे कारण समजले. तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

मुलांनो, आपल्या कोकणातील कितीतरी कुटुंबांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या बोटीवर जात आले आहेत. त्यांच्या बोलीतले अनेक शब्द उर्दू शिकणाऱ्या तुम्हां मुलांना सहज कळतील. 'जहाज', 'बंदर', 'तुफान' आणि 'खलाशी' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. उर्दूतला 'नाखुदा' मराठीत 'नाखवा' झाला. उर्दूत आपण 'लंगर' म्हणतो, मराठीत त्याला 'नांगर' म्हणतात. शेत नांगरायचा तोही नांगर आणि जहाज थांबवायचा तोही नांगर! वाट दाखवणाऱ्या जाणकाराला अरबी दर्यावर्दी 'मुअल्लिम' म्हणत. मुअल्लिम म्हणजे शिक्षक, हे तुम्हांला ठाऊक आहेच. भाषा अशा एकमेकींच्या बंदरात येत-जात असतात.

आता आपण एका मोठ्या मालवाहू जहाजाबरोबर मनाने प्रवास करू. हे जहाज ब्राझील देशातून चीनकडे निघाले आहे. त्यात लोखंडाचे खनिज भरलेले आहे. ब्राझीलच्या डोंगराळ भागातील खाणींतून हे खनिज आगगाडीने व्हितोरिया शहराजवळच्या तुबाराव बंदरात येते. पोर्तुगीज भाषेत 'तुबाराव' म्हणजे शार्क मासा. चीनमध्ये या खनिजापासून पोलाद तयार होते. जगातील निम्म्याहून अधिक पोलाद आज एकटा चीन तयार करतो. म्हणून या मार्गावर बारा महिने जहाजांची ये-जा चालू असते.

आपले जहाज सुमारे २९० मीटर लांब आहे. फुटबॉलची तीन मैदाने एकापुढे एक ठेवली तर जवळपास तेवढी लांबी होईल. त्यात सुमारे १ लाख ७० हजार टन खनिज मावते. दहा टनांचा एक ट्रक धरला, तर हा माल वाहायला १७ हजार ट्रक लागतील! अशा जहाजांना 'केपसाइज' म्हणतात. ही जहाजे इतकी मोठी होती, की भरलेल्या स्थितीत ती सुएझ किंवा पनामा कालव्यातून जाऊ शकत नसत. त्यांना 'केप' म्हणजे भूशिराला वळसा घालून जावे लागे. त्यावरून हे नाव पडले. आपले जहाजही आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होपला वळसा घालणार आहे.

एवढ्या अवाढव्य जहाजावर माणसे किती असतील? शंभर? दोनशे? नाही. फक्त वीस ते पंचवीस. आणि जहाजाचा वेग किती? ताशी साधारण २३ किलोमीटर. एखादा मुलगा जोरात सायकल चालवतो, तेवढाच हा वेग. पण सायकलस्वार थकतो, थांबतो. जहाज रात्रंदिवस चालतच राहते. असे करत ते दिवसाला साडेपाचशे किलोमीटर अंतर कापते. तुबारावपासून चीनच्या चिंगदाव बंदरापर्यंतचे अंतर सुमारे २० हजार किलोमीटर आहे. म्हणजे हा प्रवास जवळजवळ चाळीस दिवसांचा होतो.

जहाज रात्रीही चालते. मग खलाशी झोपतात केव्हा? त्यासाठी दिवसाचे चार-चार तासांचे भाग पाडलेले असतात. त्यांना 'वॉच' किंवा पहारा म्हणतात. रात्री बारा ते चार सेकंड ऑफिसर जागतो. चार ते आठ चीफ ऑफिसर आणि आठ ते बारा थर्ड ऑफिसर. दुपारी आणि संध्याकाळीही हाच क्रम. म्हणजे प्रत्येकाने चार तास पहारा द्यायचा, मग आठ तास मोकळे, पुन्हा चार तास पहारा. रात्रीच्या अंधारात अधिकाऱ्याबरोबर एक खलाशीही समुद्रावर नजर ठेवून उभा असतो. रडार आहे, उपग्रहावरून जागा दाखवणारे यंत्र आहे, तरीही माणसाच्या डोळ्यांनी पाहावेच लागते. मच्छीमाराची छोटी लाकडी होडी कधी कधी रडारवर नीट दिसत नाही. ती त्या जागत्या डोळ्यांना दिसते आणि तिच्यातील माणसांचे प्राण वाचतात.

बाकीचे लोक त्या वेळी झोपलेले असतात. कोणाच्या भरवशावर? त्या दोन जागत्या माणसांच्या भरवशावर. चार तासांनी झोपलेला उठतो आणि जागणारा झोपतो. जहाजावरचे सारे जीवन या एका विश्वासावर चालते.

सकाळी डेकवर काम सुरू होते. डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे बोसन. जुने लोक त्याला 'सारंग' म्हणत. त्याच्या हाताखालचा तो 'तांडेल' आणि स्वयंपाक करणारा तो 'भंडारी'. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंडाला सतत गंज चढतो. तो हातोडीने ठोकून काढायचा, जागा घासायची आणि रंग लावायचा. एका टोकाचा रंग पुरा होईपर्यंत दुसऱ्या टोकाला गंज चढू लागलेला असतो! इंजिनघरात याहून कठीण स्थिती असते. तिथे प्रचंड उष्णता आणि आवाज असतो. शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. कानांवर संरक्षक टोप्या चढवून, हातांच्या खुणांनी बोलावे लागते.

पिण्याचे पाणी कुठून येते, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. चोहीकडे पाणीच पाणी, पण ते खारे! जहाजावर समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ करतात आणि ती वाफ थंड करून गोडे पाणी मिळवतात. त्यासाठी वेगळे इंधन जाळत नाहीत. इंजिन थंड ठेवताना जे पाणी तापते, त्याचीच उष्णता वापरतात. पण ते पाणी शंभर अंशांपर्यंत तापलेले नसते. मग समुद्राचे पाणी उकळते कसे? यंत्रातील हवेचा दाब कमी केलेला असतो. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. विज्ञानाच्या पुस्तकातला हा नियम भर समुद्रात माणसांची तहान भागवतो.

जेवणाचीही अशीच काळजी घ्यावी लागते. बंदर सोडल्यावर पहिले काही दिवस ताज्या पालेभाज्या मिळतात. मग त्या संपतात. पुढे कोबी, बटाटे आणि कांदे साथ देतात. जहाजावरचा स्वयंपाकी फार महत्त्वाचा माणूस असतो. जेवण चांगले असेल, तर थकलेल्या माणसांचे मन टवटवीत राहते. एकाच टेबलाभोवती केरळचा, कोकणचा, पंजाबचा आणि फिलिपाइन्सचा खलाशी बसलेला असतो. ईद आली की सगळे मिळून गोड खातात, दिवाळी आली की सगळे मिळून दिवे लावतात. केपजवळ समुद्र खवळला की ताटे टेबलावरून घसरू लागतात. तेव्हा टेबलावर ओले फडके अंथरतात. ओल्या फडक्यावरून ताट चटकन घसरत नाही.

या प्रवासात भूगोलाचा एक मोठा धडा मिळतो. नमाज पढणाऱ्या खलाशाला किब्ल्याची दिशा शोधावी लागते. ब्राझीलच्या किनाऱ्यावरून मक्का ईशान्येकडे, थोडी पूर्वेला कललेली असते. आफ्रिकेचे टोक ओलांडले की ती उत्तरेकडे येते. हिंदी महासागरात ती वायव्येकडे सरकते आणि चीनच्या किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत जवळजवळ पश्चिमेला जाते. मक्का आपल्या जागीच असते. जागा बदलते ती जहाजाची.

घड्याळाचेही तसेच. ब्राझीलच्या या किनाऱ्यावरील आणि चीनमधील वेळेत अकरा तासांचे अंतर आहे. जहाज पूर्वेकडे जाते, म्हणून वाटेत अकरा वेळा घड्याळ एक-एक तास पुढे करावे लागते. त्या दिवशी दिवस तेवीस तासांचाच होतो. हा तास कोणाच्या झोपेतून कापायचा? काही जहाजांवर त्याचे तीन भाग करतात. तिन्ही पहाऱ्यांच्या वाट्याला वीस-वीस मिनिटे येतात. म्हणजे एकट्यावरच भार पडत नाही. न्याय हा असा लहान गोष्टींतही पाळावा लागतो.

जहाजावर डॉक्टर नसतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, तीन दिवसांहून लांबच्या सफरीत शंभर किंवा अधिक माणसे असली, तरच डॉक्टर ठेवणे बंधनकारक असते. आपल्या जहाजावर माणसे वीस-पंचवीसच. कोणी आजारी पडला, तर एक अधिकारी दूरसंचार यंत्रावरून किनाऱ्यावरील डॉक्टरचा सल्ला घेतो आणि औषध देतो. आग लागली तर अग्निशामक दलही तेच आणि होडीत उतरायची वेळ आली तर वाचवणारेही तेच. म्हणून आग विझवण्याचा आणि जहाज सोडण्याचा सराव प्रत्येकाला महिन्यातून एकदा तरी करावाच लागतो. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाले. तिच्यावर सर्वांना पुरतील एवढ्या होड्या नव्हत्या. त्या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आजचे नियम त्यातूनच वाढत आले आहेत.

आता जहाज सिंगापूरजवळ आले आहे. तीन आठवड्यांहून अधिक काळ खलाशांनी क्वचितच जमीन पाहिली आहे. समोर उंच इमारती लखलखत आहेत. सगळे डेकवर येऊन उभे राहतात. पण इथे जहाज धक्क्याला लागतच नाही. ते समुद्रातच नांगर टाकते. तेलाची एक छोटी बोट शेजारी येऊन इंधन भरते. दुसरी बोट ताजी भाजी आणि लागणारे सामान देते. काही तासांत नांगर उचलला जातो. शहर पुन्हा मागे राहते. पुढे अरुंद सामुद्रधुनीत चोरांची भीती असते, म्हणून रात्री जास्तीचा पहारा ठेवतात.

शेवटी चिंगदाव येते. बंदराजवळ एका लहान बोटीतून पायलट येतो. हा पायलट विमान चालवणारा नव्हे. बंदरातील उथळ जागा, खडक आणि प्रवाह यांची त्याला खडान् खडा माहिती असते. चालत्या जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोरांच्या शिडीवरून तो वर चढतो. पाय घसरला तर खाली समुद्र! त्याच्या सल्ल्याने आणि ओढणाऱ्या बोटींच्या मदतीने जहाज धक्क्याला लागते.

आता तरी खलाशांना शहर पाहायला मिळेल, असे तुम्हांला वाटेल. पण बंदरात आल्यावर काम कमी होत नाही, वाढते. अधिकारी कागदपत्रे तपासायला येतात. मालावर लक्ष ठेवावे लागते. इंजिनाची जी दुरुस्ती चालत्या जहाजावर करता येत नाही, ती इथेच उरकावी लागते. पूर्वी पोती आणि खोकी माणसे पाठीवरून उतरवत. त्यामुळे जहाज बंदरात आठवडा-दोन आठवडे राही आणि खलाशांना शहरात फिरता येई. १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी मालाचे मोठे पोलादी डबे, म्हणजे कंटेनर, जहाजाने पाठवायला सुरुवात केली. खनिजासाठी मोठमोठे यांत्रिक पट्टे आले. आता पंधरा दिवसांचे काम एक-दोन दिवसांत होते. माल लवकर पोहोचू लागला, स्वस्त झाला, हे खरे. पण खलाशाचे बंदर आखूड झाले.

२००४ पासून जगभर बंदरांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. ते आवश्यकही होते. पण त्यामुळे कधी परवाना वेळेवर मिळत नाही, तर कधी फाटकापर्यंत जायला वाहन मिळत नाही. नव्या बंदरांपैकी बरीच शहरापासून दूर आहेत. ज्याला चार तासांची सुटी मिळते, तो काय करतो? शहर पाहायला जातो का? बहुतेक वेळा नाही. तो मुलांसाठी एखादी वस्तू विकत घेतो आणि एखाद्या कोपऱ्यात बसून घरी फोन लावतो. अनेक बंदरांत सेवाभावी संस्थांनी खलाशांसाठी लहान केंद्रे चालवली आहेत. तिथे चहा, इंटरनेट आणि बसायला खुर्ची मिळते. चाळीस दिवस हलणाऱ्या जमिनीवर राहिलेल्या माणसाला न हलणारी खुर्चीसुद्धा सुख देते.

आणि कधी कधी तर बंदर समोर असूनही पाय टेकवता येत नाही. २०२० साली 'जग आनंद' हे भारतीय जहाज ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन चीनच्या जिंगतांग बंदराजवळ पोहोचले. जून महिना होता. दोन देशांतील तंटा आणि कोरोनाची साथ यांमुळे त्याला माल उतरवू दिला नाही आणि खलाशांनाही उतरू दिले नाही. जहाजावर २३ भारतीय होते. दिवसांमागून दिवस गेले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये ते जहाज जपानमधील चिबा बंदरात गेले आणि तिथून ते लोक घरी परतले. सुमारे सात महिने ते दूरवरचे बंदर पाहत बसले होते! त्या साथीच्या काळात जगभर सुमारे ४ लाख खलाशी कामाची मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते. आपण घरात बंद होतो, पण आपल्यासाठी धान्य, तेल आणि औषधे वाहणारी जहाजे थांबली नव्हती.

जगातील ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. तो वाहणाऱ्या दर्यावर्दींची संख्या २०२१ मध्ये सुमारे १९ लाख होती आणि त्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. त्यांच्या हक्कांसाठी २००६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. सलग बारा महिने कोणालाही जहाजावर ठेवता येत नाही. डिसेंबर २०२४ पासून त्यात आणखी एक गोष्ट आली: शक्य तिथे खलाशांना घरच्यांशी बोलण्यासाठी इंटरनेट द्यावे. भाकरीइतकीच माणसाला आपल्या माणसांच्या आवाजाची भूक असते, हे आता कायद्यानेही मान्य केले आहे.

मागच्या बाकावरच्या त्या मुलासाठी, आणि त्याच्यासारखे स्वप्न पाहणाऱ्या सर्वांसाठी, एक गोष्ट आवर्जून सांगतो. बोटीवर जाण्याची इच्छा वाईट नाही. ते मानाचे आणि कष्टाचे काम आहे. पण त्यासाठी शिक्षण हवे, मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण हवे आणि सरकारी कागदपत्रे हवीत. "पैसे द्या, नोकरी लावतो," असे सांगणारे दलाल गावोगाव फिरतात. वर सांगितलेल्या कराराप्रमाणे खलाशाकडून नोकरी लावण्याची फी घेता येत नाही. पारपत्र, वैद्यकीय दाखला आणि खलाशाचे ओळखपुस्तक यांचा खर्च तेवढा आपला असू शकतो. दागिने गहाण ठेवून दलालाचे घर भरण्यापूर्वी, त्याच्याकडे सरकारी परवाना आहे का, हे वडिलधाऱ्यांना तपासायला सांगा.

त्या दिवशी तास संपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, अब्बांचा फोन येतो तेव्हा आमच्याकडे रात्र असते. अम्मी मला झोपेतून उठवते. मी डोळे चोळत बोलते आणि पुन्हा झोपते."

मी विचारले, "मग काय बोलता तुम्ही?"

ती म्हणाली, "ते विचारतात, आपल्या घराचा बाहेरचा दिवा चालू आहे ना? मी म्हणते, हो अब्बा, चालू आहे."

मला मामूंची आठवण झाली. ते शहरांविषयी गप्प का राहत, ते मला आता कळले होते. त्यांनी बंदरे पाहिली होती, पण दुरून. आणि त्या साऱ्या दिव्यांमध्ये ते एकच दिवा शोधत असत, आपल्या घराचा.

मुलांनो, घरात नवी सायकल येईल, तिच्या पोलादावर हात फिरवाल, तेव्हा क्षणभर थांबा. ते पोलाद आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून दूर समुद्रावर कोणीतरी रात्री जागले असेल. आणि तुमच्यापैकी कोणाचे अब्बा, भाई किंवा मामू बोटीवर असतील, तर पुढच्या वेळी ते घरी आले की त्यांना "काय आणले?" असे आधी विचारू नका. "कसे होतात?" असे विचारा.